नव्या गाडीचे पहिले तेल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह दरवर्षी असतो आणि दरवर्षी मी मधुमेह किंवा रक्तदाब यांवर लिहून मोकळा होतो. या वर्षी मात्र विषय निराळा घेतला आहे. गेल्या दसऱ्याला घरी नवी गाडी आली. हार घातला, नारळ वाढवला आणि पेढे वाटून होतात न होतात तोच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बजावले, "हजार किलोमीटर झाले की पहिले तेल बदलून टाका. वर्कशॉपवाले नको म्हणतील, त्यांचे ऐकू नका." दुसऱ्या मित्राचे म्हणणे होते की दहा हजारांपर्यंत हातही लावू नका. आपल्या मंडळाच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात हा वाद रंगतो. त्यावर माझे मत मांडतो. ते मत मला थोडे महाग पडलेले आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

हजार किलोमीटरचा सल्ला निराधार नाही. आपल्या पिढीतील अनेकांनी पहिली गाडी म्हणून मारुती ८०० घेतली. १९८३ साली ती रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहिली. त्याआधीच्या फियाट आणि अँबॅसॅडरच्या काळात तर नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावून मालक हळूहळू गाडी चालवत. माझ्या ८०० चे पहिले तेल हजार किलोमीटरलाच बदलले होते. मिस्तरींनी ते तेल बोटावर घेऊन उन्हात धरले, तेव्हा त्यात चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक दिसली होती.

ती चमक धातूच्या कणांची. सिलिंडरच्या आतील भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा कोरलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून आपली जागा करून घेतात. या सुरुवातीच्या घर्षणात धातूची झीज सर्वाधिक होते आणि पुढे ती झपाट्याने उतरते. वापरलेल्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी केली, तर लोह, तांबे यांचे प्रमाण नव्या इंजिनात अधिक आढळते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही शारीरिक स्थिती आहे, विकृती नव्हे. नवजात बालकाच्या सौम्य काविळीसारखीच ही गोष्ट. लक्ष ठेवावे, घाबरून जाऊ नये.

मग आजचे उत्पादक घाई का करत नाहीत? कारण भाग आता पूर्वीपेक्षा फार अचूक घडवले जातात, फिल्टर सुधारले आहेत आणि तेलेही बदलली आहेत. होंडासारखी कंपनी तर कारखान्यातून भरलेले पहिले तेल वेळेआधी काढू नका, असेच सांगते. रिंगा बसण्याच्या काळात त्या तेलातील घटकांचा उपयोग असतो. आपल्याकडील बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत पहिल्या तेलबदलाची मर्यादा दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. त्याआधीच्या मोफत सर्व्हिस या मुख्यतः तपासणीसाठी असतात.

या वाक्यातील 'किंवा एक वर्ष' हे शब्द मी एकदा विसरलो होतो.

ही गोष्ट माझ्या दुसऱ्या गाडीची. २०११ साली घेतली. पहिल्या तपासणीत सांगितले गेले, "तेल उत्तम आहे, दहा हजारांना बदलू." मी आकडा तेवढा ध्यानात ठेवला. घर ते दवाखाना जेमतेम दोन किलोमीटर. सकाळी जाणे, दुपारी येणे, संध्याकाळी पुन्हा तेच. गोडादऱ्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचे आणि इंजिन पुरते तापण्याआधी बंद करायचे. अडीच वर्षांत जेमतेम सात हजार किलोमीटर झाले. दहा हजार कधी होतात, याची मी वाट पाहत राहिलो.

२०१४ च्या उन्हाळ्यात एका रात्री थोरल्या बंधूंच्या छातीत दुखू लागले. त्यांना घेऊन निघालो आणि सहारा दरवाजाच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. इंजिनातून खडखड येऊ लागली. गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि रिक्षा शोधू लागलो. रिक्षा मिळायला दहा-बारा मिनिटे लागली असतील. छातीतील वेदनेच्या रुग्णासाठी प्रत्येक मिनिटाचे मोल काय, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो आहे. त्या रात्री ती मिनिटे मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोजली. दादा वेळेत पोहोचले आणि वाचले. वर्कशॉपचा यात काही दोष नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती.

दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी खालचे चेंबर उघडून दाखवले. तेल उरले होते थोडे आणि जाळीवर काळा, चिकट गाळ बसला होता. मिस्तरी आमच्या खानदेशातले. शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी नवी शे, पन तेल म्हातारं व्हई गयं."

असे का होते? पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा काही अंश इंजिनाच्या तळाशी उतरतो, थोडे पेट्रोलही तेलात मिसळते. इंजिन चांगले तापून काही वेळ चालले, तर हे सारे उडून जाते. दोन किलोमीटरच्या फेरीत ते घडत नाही. सुरतेच्या दमट हवेत तर त्यात भरच पडते. म्हणून गाडी कमी चालते ही तेलाच्या दृष्टीने चैन नसून खडतर वापर आहे, आणि बहुतेक पुस्तिकांत अशा वापरासाठी अधिक लवकर तेल बदलण्याची सूचना दिलेली असते. सीएनजीवर तेल फारसे काळे पडत नाही, पण उष्णतेने तेही जुने होतेच. उलट डिझेलमध्ये ते लवकर काळे होते, म्हणून ते निकामी झाले असे मानू नये. नुसत्या रंगावरून निदान करू नये, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. तेल लवकर बदलण्याच्या निमित्ताने अमुक फ्लश करा, तमुक द्रव्य टाका, असे आग्रह होतात. त्या वेळी मला आपल्या दवाखान्यातील सलाईन आठवते. कारखान्यातला कामगार येतो आणि म्हणतो, "साहेब, अशक्तपणा आहे, एक बाटली लावा." ती अनावश्यक आहे हे ठाऊक असूनही आपल्यापैकी किती जण ठामपणे नाही म्हणतात? सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने या शहरातील टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल हा हा म्हणता संपल्या. गरज कोणाला आहे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. भीतीपोटी केलेला उपचार रुग्णाचा असो वा इंजिनाचा, त्याने मनाला समाधान मिळते, गुण मिळतोच असे नाही. शिवाय जो मिस्तरी 'आज बदलायची गरज नाही' असे म्हणून स्वतःचे उत्पन्न सोडतो, त्याच्यावर आपण संशय घेतो. उद्या आपले रुग्णही तसेच करतील.

तेव्हा माझे मत असे. पहिले तेल केव्हा बदलावे, याचे उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. ती एकदा तरी वाचावी आणि किलोमीटरइतकीच तारखेचीही नोंद ठेवावी. आपल्यासारख्या जवळच्या फेऱ्या करणाऱ्याने खडतर वापराचा तक्ता पाहावा. पंधरवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी काढून तेलाची पातळी बघावी. कुणाला लवकर बदलूनच चैन पडत असेल, तर उत्पादकाची मनाई नसताना योग्य दर्जाचे तेल घालून खुशाल बदलावे, बिल मात्र जपून ठेवावे.

याला एक अपवाद आहे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. लिंबायत आणि पर्वत पाटियाकडे खाडीचे पाणी आजही पावसाळ्यात चढते. इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल, तर गाडी सुरूच करू नये. पट्टीवर तेल दुधाळ दिसले, तर किलोमीटर न विचारता ते तत्काळ बदलावे. आणि काढलेले तेल गटारात किंवा खाडीत जाऊ देऊ नये. त्यात कर्करोगकारक द्रव्ये असतात. मिस्तरींच्या हातांवरची त्वचा एकदा निरखून पाहिली, तर त्यांना हातमोजे भेट द्यावेसे वाटतील.

नव्या गाडीच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी खरेदीची तारीख लिहिली आहे आणि तिच्याखाली पुढील तेलबदलाची. तारीख आपण विसरणार नाही, असे मला आता वाटत नाही. म्हणून तीच तारीख दादांनाही सांगून ठेवली आहे. ते दर महिन्याला न चुकता विचारतात.