सेटल झालीस का?

मागच्या शनिवारी सकाळी चहा गाळत होतो, तेवढ्यात टीममधल्या एका पोराचा फोन आला. त्याच्या बायकोला दोहाच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये नोकरी लागलीये, ऑगस्टमध्ये जायचंय. "सर, तुमची ताई बँकॉकला टीचर आहे ना? तुम्ही तिला काहीतरी एक्सेल करून दिली होती म्हणे. मिळेल का?"

एक्सेल आहे. ४३ ओळींची आहे. लगेच पाठवली. पण पाठवल्यापासून रुखरुख लागून राहिली, म्हणून या वीकेंडला हे लिहितोय.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पुण्यात एका शाळेत गणित शिकवायची. २०२२ मध्ये तिला बँकॉकची ऑफर आली, दोन वर्षांचा करार. घरात परदेशाचा एक्स्पर्ट कोण? अर्थात मी! दोनदा ऑनसाईट जाऊन आलेला माणूस. मग मी एका बैठकीत यादी केली. डिग्रीवर मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग वकिलातीचा. पोलीस क्लिअरन्स. व्हिसा. वर्क परमिट. बँक खातं. सिमकार्ड. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवणं. छोटा कुकर, दोन शिट्ट्या जास्तीच्या. प्रत्येक ओळीपुढे स्टेटस आणि तारीख.

ऑगस्ट संपायच्या आत झाडून सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. शाळेचा माणूस एअरपोर्टवर हजर, घर शाळेनं दिलेलं, सकाळी न्यायला शाळेची व्हॅन. मी विचारलं, "सेटल झालीस का गं?" ती म्हणाली, "हो, झाले की." मनातल्या मनात मी प्रोजेक्ट क्लोज करून टाकला.

भाऊबीजेला व्हिडिओ कॉल केला. तिनं स्क्रीनसमोर निरांजन धरलं, ओवाळलं आणि शांतपणे म्हणाली, "जूनमध्ये परत येते मी. करार मोडला तर जे काय पैसे कापतील ते कापू देत."

मला काही कळेना. पगार वेळेवर, मुलं चांगली, घर चांगलं. झालं काय? तर म्हणाली, "काही झालं नाही रे. परवा दोन दिवस तापानं पडून होते. शाळेत मेल टाकला, त्यांनी सब्स्टिट्यूट लावला, संपलं. शाळेचं काहीच अडलं नाही, आणि शाळेबाहेर मी नाहीये हे कळणारं कोणीच नाही."

आता हे मला का सुचलं नव्हतं? कारण आम्ही सॉफ्टवेअरवाले परदेशी जातो म्हणजे काय करतो, तर हिंजवडीच उचलून तिकडे नेतो. चार रूममेट, एक राईस कुकर, शेजारच्या क्युबिकलमध्ये कोथरूडचाच कोणीतरी. सेटल व्हायचा प्रश्नच येत नाही. शिक्षकाचं तसं नसतं. पुण्यात ताई भाजी आणायला निघाली तर कोपऱ्यापर्यंत तीन वेळा "मॅडम!" ऐकू यायचं. पालक भेटायचे, जुने विद्यार्थी बाईक थांबवायचे. कोथिंबीरवाल्या मावशीही हिशेबाला अडल्या की हिलाच विचारायच्या. शिक्षक असण्याचा निम्मा भाग शाळेबाहेर असतो, आणि तो सामानात भरून नेता येत नाही.

त्यात इंटरनॅशनल स्कूलची एक गंमत आहे. ते लोक तुमची इतकी काळजी घेतात की तुम्हाला गावाची गरजच पडत नाही. राहणं सहकाऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये, जेवण शाळेत, शुक्रवारी पार्टी त्याच लोकांबरोबर. माणसं छानच असतात, पण सगळ्यांचे करार दोन-तीन वर्षांचे. दर जूनला निरोपसमारंभ. कोण चाललंय, कोण राहतंय, हीच चर्चा. प्लॅटफॉर्मवर बसून मैत्री केल्यासारखं.

मग ताई परत आली का? नाही. अजून तिथेच आहे. झालं ते अगदी साधं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई सोम ताम विकते, म्हणजे कच्च्या पपईची तिखट-आंबट कोशिंबीर. त्यात माशाचा सॉस आणि सुकी कोळंबी असते आणि ताई पक्की शाकाहारी. त्यामुळे तीन महिने ती गाडी नुसती बघत पुढे जायची. दिवाळीनंतर एके दिवशी, सणाला कोणी फराळ विचारला नाही या रागात म्हणा, तिनं एक वाक्य पाठ केलं : "माय साय नाम प्ला", माशाचा सॉस घालू नका. बाईंना पहिल्या दोनदा कळलंच नाही. तिसऱ्यांदा कळलं. त्या हसल्या, खलबत्ता धुतला आणि कोळंबीही न घालता करून दिली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, काय करतेस? ताई म्हणाली, "ख्रू."

ख्रू म्हणजे शिक्षक. आपला 'गुरू'च तो. शाळेतली पोरं आदरानं 'खुन ख्रू' म्हणतात. ताई पहिल्या दिवशी हे ऐकून दचकली होती, पण त्यातला 'खुन' म्हणजे आपला 'गुण' :-) शिक्षकांना लायसन्स देणारी संस्था 'खुरुसफा', म्हणजे गुरुसभा. शाकाहाराला 'मांगसविरात', म्हणजे मांसविरती. विमानतळ तर सुवर्णभूमीच. 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदनेचा दिवस बहुतेक शाळांमध्ये गुरुवारी असतो, आणि तिथल्या गुरुवाराच्या नावातही बृहस्पती आहे. त्या दिवशी मुलं शिक्षकांना जे वाहतात त्यात चक्क दूर्वा असतात! दूर्वांसारखं ज्ञान पसरत जावं म्हणून.

हे सगळं कळल्यावर माणूस जरा शेफारतो. आपलंच की सगळं! पण थाई भाषेत पाच सूर आहेत. 'क्लाय' सरळ सुरात म्हटलं तर लांब आणि सूर उतरवून म्हटलं तर जवळ. ताईनं एकदा स्टेशन किती लांब आहे ते विचारलं, उत्तर 'जवळ' असं ऐकलं आणि भर दुपारी पाऊण तास चालली. घरी येऊन आधी रडली, मग हसली. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर शेवटच्या बाकावरच्या कोरियन मुलाकडे तिनं नीट बघितलं. तो तीन महिने गप्प होता. ती त्याला अभ्यासात कच्चा समजत होती. त्याला गणित येत होतं, फक्त प्रश्न इंग्रजीत होता.

डिसेंबरात ती पुन्हा आजारी पडली. चार दिवसांनी बाहेर पडली तर सोम तामवाल्या बाईंनी हातातलं काम थांबवून विचारलं, "ख्रू, होतीस कुठे?" बस. इतकंच. रोज पोरांची हजेरी घेणाऱ्या बाईची हजेरी कोणीतरी घेतली होती. पुढच्या वर्षी शाळेनं राहणार की जाणार हे विचारलं, तेव्हा तिनं 'राहणार'वर खूण केली.

तर माझं मत असं आहे, की 'सेटल होणं' म्हणजे आपली गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येणं. आणि हा कोणीतरी शाळेचा पगार घेणारा नसावा. कंपनी, एचआर, शाळा हे तुम्हाला करून देऊ शकत नाहीत. उलट त्यांनी सगळंच करून दिलं तर ते व्हायचंच राहून जातं.

यावर दोन शंका येतात. पहिली, महाराष्ट्र मंडळ आहे की! जरूर जा. गणपतीत आरतीला आपली चार माणसं लागतातच. पण मंडळ महिन्यातून एकदा भेटतं आणि कोपऱ्यावरची बाई रोज. दुसरी, दोनच वर्षांसाठी कशाला एवढं? अहो, पण ती दोन वर्षं तुमच्याच आयुष्यातून वजा होतात ना!

हेही मान्य करतो की सगळं सोम तामनं सुटत नाही. पालकसभेत एका आईनं अगदी गोड हसून विचारलं होतं, की पुढच्या वर्षी गणिताला 'नेटिव्ह' टीचर मिळेल ना? गणिताला नेटिव्ह म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. एकाच इयत्तेला एकच विषय शिकवणाऱ्या दोघांचं पॅकेज पासपोर्ट बघून वेगळं ठरतं, असंही होतं. त्यामुळे घरभाडं, विमा, वर्षाचं तिकीट आणि करार मोडल्यास काय, हे सगळं सही करायच्या आधी विचारा, लेखी घ्या. तिथे लाजू नका. तिथे माझी एक्सेल खरंच कामाची आहे.

असो. काल रात्री त्या पोराला सुधारित आवृत्ती पाठवली. वर तीन ओळी वाढवल्यात. एक, एका ठिकाणी रोज जा, रोज त्याच वेळी. दोन, तिथल्या भाषेत एक वाक्य शिका, ज्याच्यावाचून तुमचं अडतं असं. तीन, शाळेबाहेरच्या एका माणसाला तुमचं नाव कळू द्या.

त्याचा लगेच रिप्लाय आला, "सर, या तीन ओळींच्या तारखेच्या कॉलममध्ये काय टाकू?"

म्हटलं, रिकामा ठेव. तो तिचा तिलाच भरावा लागेल.