मुख्याध्यापक, तुम्ही वर्गात शेवटचे कधी बसला होता?

परवा मुख्याध्यापकांच्या एका ग्रुपवर जोरात भांडण झालं. विषय साधा होता. मुख्याध्यापकाने शिक्षकांच्या वर्गात सहज म्हणून किती वेळा जावं? एक गट म्हणतो, रोज जा, फोटो काढा, ग्रुपवर टाका. दुसरा म्हणतो, जाऊच नका, शिक्षकांवर विश्वास ठेवा. तिसरा गट नेहमीचाच, 'वेळ कुणाला आहे?' म्हणणारा.

मी निवृत्त माणूस. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित हायस्कूलचा नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो, हाताखाली बावीस शिक्षक. म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. तिन्ही गट चुकताहेत, आणि यातल्या दोन चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक आधी सांगतो. मुख्याध्यापक झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी, 2011 च्या जूनमध्ये, गणिताला एक नवा शिक्षणसेवक आला. पोरगा हुशार, अबोल. त्याला नववी ब दिली. त्यानंतर जानेवारीपर्यंत मी त्याच्या वर्गात पाऊल टाकलं नाही. पगारबिलं, शिष्यवृत्तीच्या याद्या, संस्थेच्या बैठका, दाखल्यावरच्या सह्या. कारणांना काय तोटा? जानेवारीत लॉगबुक पूर्ण करायचं म्हणून पाठ बघायला गेलो, तोही दोन दिवस आधी कळवून. पाठ छान झाला. इतका छान की सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच मागच्या बाकावरच्या पोराने उत्तर दिलं. तेव्हाच समजायला हवं होतं की हा पाठ कालच एकदा होऊन गेलाय. मी मात्र लिहिलं, 'अध्यापन परिणामकारक. साधनांचा वापर स्तुत्य.' खाली सही, तारीख.

एप्रिलमध्ये निकाल लागला. एकावन्न मुलांपैकी तेवीस गणितात नापास. मी त्याला केबिनमध्ये बोलावून झापलं. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "सर, पोरांना अपूर्णांकच येत नाहीत हे मला जुलैतच कळलं होतं. पण विचारायचं कुणाला ते कळेना. तुम्ही बोलवायचात ते फक्त माहिती भरायला."

मी गप्प बसलो. दुसरं काय करणार? जुलैत मी दहा मिनिटं त्या वर्गात बसलो असतो, तर मलाही दिसलं असतं. दोन-तीन महिने शाळा सुटल्यावर अर्धा तास अपूर्णांक घेतले असते, तर त्या तेवीसांतले निम्मे तरी वाचले असते. त्या वर्षानंतर त्यातल्या काही मुली पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. नववी नापास झालेल्या मुलीचं आपल्याकडे पुढे काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या जूनपासून मी वर्गात जायला लागलो आणि दुसरी चूक केली. वही घेऊन जायला लागलो! मी दारात दिसलो की अख्खा वर्ग उठून "नमस्तेऽऽ सर". शिक्षकाचा आवाज बदलायचा, खडू मोडायचा, चाललेलं गणित सोडून सोप्पं गणित सुरू व्हायचं. मी कोपऱ्यात उभा राहून काहीतरी टिपायचो. दोन आठवड्यांत स्टाफरूममध्ये माझं नाव पडलं, 'सीआयडी'. बरोबरच होतं त्यांचं.

मग एका ज्येष्ठ बाईंनी मला सरळ सांगितलं. "सर, तुमचेही आठवड्याला काही तास आहेतच ना? आधी आम्हाला तुमच्या तासाला बसू द्या." ऐकून राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांना बसू दिलं. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही स्वतःच देता." तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर वही टेबलावरच राहिली.

आता मुद्द्याचं. किती वेळा जायचं?

माझं उत्तर: प्रत्येक शिक्षकाकडे पंधरवड्यातून एकदा. न कळवता, दहा मिनिटं, हातात काही न घेता, मागच्या बाकावर. आणि त्याच दिवशी, समोरासमोर, दहा मिनिटं बोलणं. हे बोलणं जमणार नसेल तर वर्गात जाऊच नका.

पंधरवडाच का? कारण वर्षातून एकदा जाणारा माणूस तपासणी अधिकारी असतो आणि पंधरा दिवसांनी येणारा शेजारी असतो. लोकांना वाटतं जास्त वेळा गेलं की जास्त भीती. माझा अनुभव उलटा आहे. भीती कधीतरीच येणाऱ्याची वाटते. पाचव्या-सहाव्या खेपेला पोरांनी उठणं सोडलं. शिक्षकांनीही आवाज बदलणं सोडलं. खरा वर्ग मला तेव्हा दिसला. वर्षात दोनदाच गेलात तर तुम्हाला नाटकच दिसणार, आणि त्या नाटकावर तुम्ही माणसाचा गोपनीय अहवाल लिहिणार!

हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेत मायामी भागातल्या शाळांमध्ये ग्रिसम, लोब आणि मास्टर या संशोधकांनी सुमारे शंभर मुख्याध्यापकांचा दिवस कसा जातो ते तीन वर्षं पाहून नोंदवलं. 2013 साली ते प्रसिद्ध झालं. अध्यापनाशी संबंधित कामांत मुख्याध्यापकांचा सर्वांत जास्त वेळ वर्गांतून अशा धावत्या फेऱ्या मारण्यात जात होता. आणि फेऱ्यांचा वेळ जिथे जास्त, तिथे मुलांची प्रगती जास्त दिसली नाही. उलट कमी दिसली, विशेषतः हायस्कुलांत. फायदा कुठे दिसला? जिथे मुख्याध्यापक शिक्षकाबरोबर बसून त्याच्या शिकवण्यावर काम करत होता तिथे.

फोटोवाल्या मंडळींनी हे दोनदा वाचावं. तुम्ही भेटी मोजता म्हणून तुम्हाला भेटी मिळतील. दारात उभं राहून काढलेला फोटो मिळेल, मागे फळा, पुढे हसणारे सर. त्याने नववी ब मधल्या एकाही पोराला अपूर्णांक येणार नाही. मोजायचंच असेल तर किती शिक्षकांशी बोललात ते मोजा.

आणि 'विश्वास ठेवा, जाऊ नका' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो. मी माझ्या शिक्षणसेवकावर सात महिने विश्वासच ठेवला होता. त्याला तो विश्वास वाटला का? त्याला वाटलं, इथे आपलं कुणी नाही. न विचारणं म्हणजे विश्वास नव्हे, ते दुर्लक्ष असतं.

आता 'वेळ नाही'. हिशोब करू. बावीस शिक्षक, पंधरवड्यात कामाचे बारा दिवस. रोज दोन वर्ग केले की चोवीस होतात, दोन भेटी शिल्लक. दहा मिनिटं बसणं, दहा मिनिटं बोलणं, दोनदा. दिवसाची चाळीस मिनिटं, म्हणजे जेमतेम एक तासिका. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात वर्षाचे 220 दिवस सांगितलेत. त्यातून परीक्षा, स्नेहसंमेलन, पाऊस, निवडणुका वजा करा. तरी प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा भेटी येतात. किम मार्शल नावाचे बॉस्टनचे एक मुख्याध्यापक होते, त्यांनी यावर पुस्तक लिहिलंय. तेही वर्षाला साधारण दहाच छोट्या भेटी आणि प्रत्येक भेटीनंतर गप्पा, असंच सांगतात. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

पण चाळीस मिनिटं मिळत नाहीत, हेही खोटं नाही. यूडायस, सरल, शालार्थ, आधार जुळणी, अपार, पोषण आहाराची रोजची नोंद. वरून सकाळी अकराला मेसेज, 'माहिती दुपारी दोनपर्यंत सादर करावी, अन्यथा आपणास जबाबदार धरण्यात येईल.' कायद्याचं कलम 27 शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नका म्हणतं. मुख्याध्यापकाला कारकून बनवू नका असं कलम मात्र कुठेच नाही. म्हणून माझी एकच मागणी आहे. दिवसातली दुसरी तासिका ठरवून टाका. त्या वेळात तालुक्यावरून, जिल्ह्यावरून मुख्याध्यापकाला फोन नाही, मेसेज नाही, माहिती नाही. पैसा लागत नाही याला. लागते ती फक्त वरच्यांची सवय मोडण्याची तयारी.

शिक्षक संघटनांची शंका रास्त आहे. 'आज गप्पा मारतील, उद्या कारणे दाखवा नोटीस देतील.' म्हणून नियम लेखी ठरवा. सहज भेटीतलं काहीही गोपनीय अहवालात जाणार नाही. फोटो नाही, गुण नाहीत. अपवाद एकच, मुलांना मार किंवा मानसिक त्रास. ते कलम 17 नुसार निषिद्धच आहे, तिथे गप्पा नाहीत, थेट कारवाई.

'मी मराठीचा माणूस, केमिस्ट्रीच्या तासाला काय कळणार?' असंही एकाने लिहिलंय. मलाही केमिस्ट्री कळत नव्हती. पण मागच्या बाकावर बसल्यावर कळलं की खिडकीच्या उजेडाने फळा चमकतो आणि डावीकडच्या दोन रांगांना अर्धा फळा दिसतच नाही. तीन वर्षं ती पोरं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होती. एक जाड पडदा लावला, काम झालं. ज्या सरांना आम्ही सगळे 'रटाळ' म्हणायचो, ते व्याकरण इतकं सुरेख शिकवतात हेही तिथेच कळलं. मग दोन नव्या शिक्षकांना त्यांच्या तासाला बसवलं. विषय नाही कळला तरी पोरांचे चेहरे आणि वह्या कळतात की!

एक गोष्ट मान्य. वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेला हा हिशोब लागू नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेला पट दीडशेच्या वर गेल्याशिवाय कायद्याने स्वतंत्र मुख्याध्यापकच मिळत नाही. तिथला 'प्रभारी' स्वतःच दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसलेला असतो. त्याला भेटी द्या म्हणणं ही थट्टा आहे. तिथे हे काम केंद्रप्रमुखाचं. पण त्याला माहिती गोळा करणारा पोस्टमन केल्यावर तो वर्गात कधी बसणार? तिथली जबाबदारी शासनाची आहे, गुरुजींची नाही.

पालकांनो, तुम्हालाही एक काम सांगतो. पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या नाहीतर पालक-शिक्षक संघाच्या सभेत रंगरंगोटी आणि सहलीवर बोलून झालं की मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा, "सर, मॅडम, या महिन्यात किती वर्गांत बसलात? काय दिसलं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही ठोकून देईल. दुसऱ्याला मात्र खरंच बसावं लागतं.

तो शिक्षणसेवक आता त्याच शाळेत कायम आहे. माझ्या शेवटच्या तीन वर्षांत त्याचा तास बघायला मी इतर शिक्षकांना पाठवत होतो. लोक म्हणतात, सर, तुम्ही त्याला घडवलंत. नाही हो. तो आधीपासूनच चांगला होता. त्याला मदत लागत होती तेव्हा मी केबिनमध्ये सह्या करत होतो. त्या वर्षीच्या तेवीस मुलांना मात्र मी आज काही देऊ शकत नाही.

पटत नसेल तर खाली बिनधास्त लिहा, वाद घालू. फक्त मुख्याध्यापकांनो, लिहायच्या आधी उद्या एका वर्गात दहा मिनिटं बसून या.