विश्लेषण : औषधाच्या चाचणीला प्लास्टिकची बशी का पुरत नाही?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची बोली ट्रॉलीतला नुसता वरचा थर पाहून लागत नाही. व्यापारी हात आत घालून माल खालीवर करतो, मग भाव सांगतो. नव्या औषधाची प्रयोगशाळेतील पहिली परीक्षा मात्र अनेक दशके पेशींच्या एकाच थरावर होत आली आहे.

अडचण काय?

प्लास्टिकच्या बशीत पेशी सपाट पसरतात. शरीरात त्यांच्या चहूबाजूंना शेजारच्या पेशी आणि कोलॅजेनसारख्या प्रथिनांची मऊ जाळी असते. हे प्लास्टिक यकृताच्या ऊतीपेक्षा लाखो पटींनी कडक असते. त्यावर यकृताच्या पेशी काही दिवसांतच औषधांवर प्रक्रिया करण्याची क्षमता गमावू लागतात. त्यामुळे अपायकारक औषधही बशीत निर्दोष ठरू शकते. मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या औषधांपैकी सुमारे ९० टक्क्यांना अखेर मान्यता मिळत नाही. त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक.

पर्याय कोणता?

हायड्रोजेल हा पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा पदार्थ. त्याचा कडकपणा हव्या त्या अवयवाइतका ठेवता येतो आणि पेशी त्यात त्रिमितीय वाढतात. सर्रास वापरले जाणारे मॅट्रिजेल मात्र उंदराच्या गाठीपासून बनते. प्रत्येक खेपेत त्याचे घटक थोडे बदलतात. म्हणून रेशमासारख्या पर्यायांवर काम सुरू आहे. लासलगावजवळच्या येवल्याची पैठणी ज्या रेशमाची, त्यातीलच फायब्रॉइन प्रथिनापासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सच्छिद्र सांगाडे तयार झाले आहेत. त्यांचा रोख हाडांच्या उपचारावर असला, तरी पेशींना त्रिमितीय आधार देण्याचे तत्त्व तेच आहे.

नियम बदलले, पुढे काय?

केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘नवी औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९’मध्ये दुरुस्ती करून ऑर्गनॉइडसारख्या मानवी पेशींवरील चाचण्यांना प्राण्यांवरील चाचण्यांचा पर्याय म्हणून वाट मोकळी केली. निर्णय योग्यच, पण परवानगी म्हणजे विश्वासार्हता नव्हे. एकाच औषधाबाबत दोन प्रयोगशाळांचे उत्तर सारखे यायला हवे. त्यासाठी साहित्याची प्रमाणित मानके हवीत आणि जुन्या चुकांवर त्याची परीक्षा हवी. मधुमेहावरील ट्रॉग्लिटाझोन यकृताला इजा करते म्हणून अमेरिकेत २००० मध्ये मागे घ्यावे लागले. असा धोका जे साहित्य आधीच दाखवून देईल, त्यावरच नव्या औषधांसाठी भिस्त ठेवावी.

वरचा थर पाहून बोली लावली, तर तोटा व्यापाऱ्याचा होतो. औषधाच्या बाबतीत तो रुग्णाला सोसावा लागतो.