खोडदच्या शिवारातली शांतता

शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला, की आपल्या रेडिओवरचे गाणे खरखरू लागायचे. दारावरून स्कूटर गेली तरी तेच. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही हे आठवत असेल. एरियल जरा हलवली की काम भागायचे, आणि त्या खरखरीचा कुणी फारसा विचारही करायचे नाही. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या कार्ल जान्स्की या तरुण इंजिनिअरला मात्र तोच विचार करण्याचा पगार मिळत होता. अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे त्याने शोधायचे होते. जवळच्या नि लांबच्या वादळांचा हिशेब लागला, तरी एक मंद सुस्कारा उरलाच. तो रोज सुमारे चार मिनिटे लवकर यायचा. तारेही रोज चार मिनिटे लवकर उगवतात! तो आवाज आकाशगंगेच्या मध्याकडून येतो, हे जान्स्कीने १९३३ साली जाहीर केले आणि रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आले.

या शास्त्राचे एक मोठे पीठ आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाच्या शिवारात आहे. नाशिक रस्त्याने नारायणगावच्या आसपास गेलेल्यांनी त्या प्रचंड थाळ्या लांबून पाहिल्या असतील. एकूण तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधल्या भागात एकवटलेल्या आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, शेताशिवारांतून पसरलेल्या. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने एका ठिकाणी आणून जुळवले, की पंचवीस किलोमीटर पसरलेल्या एकाच दुर्बिणीइतके बारीक तपशील दिसतात.

मला या दुर्बिणीचा अभिमान वाटतो तो तिच्या आकारापेक्षा तिच्यामागच्या काटकसरी बुद्धीसाठी. प्रा. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याच्या थाळ्या केल्याच नाहीत. ताणलेल्या दोरखंडांवर पोलादी तारांची जाळी बसवली. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांची लांबी वीत-दीड विती ते काही हात. जाळीची छिद्रे एक-दोन सेंटिमीटरची. त्यामुळे लहरींना ती जाळी भरीव आरशासारखी वाटते आणि वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी. जगातल्या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या ‘आयईईई’ या संस्थेने २०२० साली या दुर्बिणीला ‘मैलाचा दगड’ म्हणून गौरवले. भारतातल्या कामाला मिळालेला हा तिसरा मान. आधीचे दोन जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामाचे. स्वरूप त्याच वर्षी सप्टेंबरात गेले.

आता मुद्द्याचे. आकाशातून येणारे हे संकेत किती क्षीण असावेत? चंद्रावर कुणी एक साधा मोबाइल फोन चालू करून ठेवला, तर तो रेडिओ दुर्बिणींना आकाशातल्या सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक वाटेल. मग दुर्बिणीच्या उशालाच असलेल्या आपल्या फोनचे, टॉवरचे, स्वस्तातल्या एलईडी दिव्यांचे आणि ठिणग्या टाकणाऱ्या वीजतारांचे काय होत असेल, याची कल्पना करावी. नारायणगाव ही तमाशापंढरी. तिथल्या ढोलकीचा या दुर्बिणीला काडीचा त्रास नाही, कारण तिला हवी असलेली शांतता कानांची नाही, लहरींची आहे.

कुणी म्हणेल, दुर्बिणीसाठी काही लहरी राखून ठेवलेल्या असतातच की. असतात, पण थोड्या. हायड्रोजन वायूची मूळ लहर २१ सेंटिमीटरची. तिच्यासाठी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनी राखीव आहे. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरवरून येता येता ही लहर ताणली जाते. २०२३ साली दोन भारतीय शास्त्रज्ञांनी याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एका अतिदूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन हुडकला. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली ती लहर इथे पोचेपर्यंत ४८ सेंटिमीटरची झाली होती. म्हणजे ती आली थेट टीव्ही प्रक्षेपणाच्या पट्ट्यात! विश्वाचा इतिहास आपल्या राखीव पट्ट्याची चौकट पाळत नाही. म्हणून कागदावरचा नियम पुरत नाही, जागाच शांत असावी लागते.

इंजिनिअर मंडळी हातावर हात धरून बसलेली नाहीत. दुर्बिणीचे अलीकडे नूतनीकरण झाले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता यायचा, तो आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आहे. पट्टा रुंदावला तशी त्यात शिरणारी खरखरही वाढली. वीजतारेची ठिणगी क्षणभराची, पण तीव्र असते. आकाशाचा संकेत संथ, एकसारखा. हा फरक ओळखून बिघडलेले नमुने जागच्या जागी गाळणारी यंत्रणा तिथे बसवली आहे. धान्यातले खडे निवडावेत तसे हे काम, फक्त सेकंदाच्या अब्जांश भागात चालणारे. पण सुपात खडेच जास्त झाले तर निवडणार काय? त्यात आता वरूनही भर पडते आहे. संपर्क-उपग्रहांमधले इलेक्ट्रॉनिक्स नको त्या लहरींवर गळते, हे २०२३ साली युरोपातल्या दुर्बिणीने मोजून दाखवले.

या पार्श्वभूमीवर पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचा वाद मला अस्वस्थ करतो. दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्ग वळवण्याची भाषा झाली आणि २०२५ साली नारायणगाव-जुन्नर परिसरात त्यावर नाराजी उमटली. ती नाराजी मला समजते. टोमॅटो, द्राक्षे, भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याने विश्वाच्या इतिहासासाठी आपली गाडी का सोडावी? ‘विज्ञानासाठी थोडे सोसा’ असे पुण्या-मुंबईत बसून सांगणे सोपे असते. पण ‘हलवा ती दुर्बीण’ म्हणणेही तितकेच सवंग आहे. एवढी मोठी आणि मोबाइलपूर्व काळात निवडलेली शांत जागा आज राज्यात पुन्हा कुठे मिळणार?

माझे म्हणणे असे, की आधी मोजावे आणि मग बोलावे. गाडीच्या छपरावरचा सांगाडा आणि वरची तार यांच्यात उडणारी ठिणगी किती लांबवर, कोणत्या लहरींवर त्रास देते, हे मोजता येते. डोंगराचा आडोसा, बोगदा किंवा मार्गाचे थोडे वळण यांनी तो किती कमी होईल, हेही काढता येते. हे आकडे गावापुढे, मराठीत, खुलेपणाने ठेवावेत. मार्ग वळवावाच लागला, तर त्या बदल्यात परिसराला काय मिळणार हे त्याच बैठकीत ठरावे. ज्यांच्या शिवारात दुर्बीण आहे त्यांना तिचा तोटाच तेवढा दिसत असेल, तर तिचे रक्षण कोणताही कायदा करू शकणार नाही.

आणि यातले बरेच काम गावाच्याही हिताचे आहे. ठिणगी टाकणारी वीजतार म्हणजे सैल सांधा किंवा तडकलेला चिनी मातीचा चिमणा. तो दुरुस्त केला, तर दुर्बिणीची खरखर थांबते आणि शेतकऱ्याचा पंपही नीट चालतो. नीट बनवलेला दिवा आणि नीट बांधलेली लाइन कुणाचेच नुकसान करीत नाहीत.

पाणी, जंगल आणि स्वच्छ हवा यांची किंमत आपल्याला ती संपत आल्यावर कळली. लहरींची शांतता ही त्याच जातीची संपत्ती आहे. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती आधी संपेल एवढेच. खोडदच्या शिवारात ती अजून शिल्लक आहे. ती राखायची असेल, तर निर्णय घाईने कुणावर लादलेले नसावेत, आणि त्या बैठकीत पहिली खुर्ची खोडदच्या शेतकऱ्याची असावी.