सभा कुठे भरवायची?

“ताई, हा तांत्रिक प्रश्न आहे. तुम्ही त्यात कशाला पडता?” हे वाक्य वस्तीत काम करताना मी पहिल्यांदा ऐकले ते नळाच्या जागेवरून. नळ कुठे बसवायचा हा इंजिनिअरचा प्रश्न, आणि हंडा किती लांब वाहायचा हा बाईचा! तेच वाक्य अलीकडे पुन्हा ऐकले, ते कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडून.

झाले असे. आमच्या ओळखीची एक मुलगी पुण्यात शिकते. मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी भाषांतर करणाऱ्या एका गटात ती हौसेने गेली. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कुणीही वापरावे, उघडून तपासावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे असे. पुण्यात हे काम जुने आहे. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘गनुनिफाय’ मेळावा वर्षानुवर्षे भरत आला. मराठीत कॉम्प्युटर चालावा म्हणून अनेकांनी बिनपगारी रात्री जागवल्या. त्याबद्दल आदरच आहे.

पण या गटाचे सारे बोलणे फोन नंबरावर चालणाऱ्या ॲपवर होत असे. सामील होताक्षणी तिचा नंबर शेदीडशे अनोळखी माणसांच्या हाती गेला. तिसऱ्या रात्री “जेवलीस का?” आले, आठवड्याने फोटोची मागणी आली. तिने गट सोडला. गटातील जाणत्यांना विचारले तर म्हणाले, “ब्लॉक करायचे ना! खासगीतले बोलणे, गटाचा काय संबंध?” संबंध असा, की तिचा नंबर गटानेच वाटला. आत येण्याची तीच अट होती.

मैत्रिणींनो, ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. २००६ साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी आयआरसी या जुन्या गप्पांच्या माध्यमावर नुसती नावे बदलून पाहिले. बाईचे नाव दिसले की घाणेरडे, धमकीचे संदेश पुरुषी नावाच्या सुमारे २५ पट येत. त्याच वर्षी ‘नोम’ या मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे गुगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी १८१ अर्ज आले. त्यात बाईचा एकही नव्हता! मग खास स्त्रियांसाठी दार उघडले, तेव्हा सुमारे शंभर जणी पुढे आल्या. म्हणजे बायका होत्या, आवडही होती. दार त्यांच्यासाठी नव्हते.

आता दोन प्रकारची मंडळी आपल्याला शिकवायला येतात. पहिली म्हणतात, “सगळे ज्यावर आहेत तेच घ्या, सोपे पडते.” सोपे कुणाला? फुकटच्या सोयीला मालक असतो आणि मालक नियम बदलतो. सप्टेंबर २०२२ पासून स्लॅकने फुकट वापरणाऱ्यांना ९० दिवसांपलीकडचे बोलणे दाखवणे बंद केले. त्रास झालेली बाई तक्रारीचे धैर्य गोळा करते, तोवर कित्येकदा चार महिने गेलेले असतात. तिचा पुरावा कुणाच्या कुलपात?

दुसरी मंडळी तत्त्वाची. “साधन मुक्तच हवे. ज्यांना खरी तळमळ आहे ते शिकतील,” असे ती म्हणतात. साधन मुक्त असावे हे मलाही मान्य आहे. पण मुक्त साधनावरही मालकी डोके काढते. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी जाळ्याच्या मालकीवरून तंटा झाला. चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा उभे केले. शेकडो गटांना रातोरात घर बदलावे लागले. आणि साधन मुक्त असले तरी आतला माणूस आपोआप मुक्त होत नाही. रचना नाकारली की सत्ता नाहीशी होत नाही, ती लपते, हे जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीच स्त्रीमुक्ती गटांना बजावले होते.

या दोन्हींच्या पलीकडचा रस्ता आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१९ मध्ये उघडपणे मान्य केले, की आपले आयआरसी हे छळाचे ठिकाण झाले आहे आणि नवख्यांना तिथे शिरणेही अवघड जाते. त्यांनी आधी अटी ठरवल्या: वर्तणुकीचे नियम लागू करता यावेत, अपंग व्यक्तींना वापरता यावे. मग चार साधने तपासून मॅट्रिक्स हे मुक्त साधन निवडले. मार्च २०२० मध्ये जुने बंद केले. आधी माणसे, मग यंत्र, असा क्रम होता.

मॅट्रिक्स आले की त्रास संपला, असे नाही. शिवाय आपल्याकडे सरकारही आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने १४ ॲपवर बंदी घातली. त्यात मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंटही होते. त्याविरुद्ध मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. म्हणून एकाच साधनावर विसंबणे धोक्याचेच.

कायदा काय म्हणतो? भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निर्णय आला, २०१३ साली कायदा झाला. त्यात बिनपगारी स्वयंसेविकाही येते. पण जिथे मालक नाही, कार्यालय नाही, तिथे समिती नेमणार कोण? ती गटालाच नेमावी लागेल.

म्हणून पुण्यातील आणि सर्वच मुक्त सॉफ्टवेअर गटांकडे आपण मागण्या ठेवूया. नंबर न देता, हव्या त्या नावाने सामील होता आले पाहिजे. सिग्नलसारख्या नंबरावर चालणाऱ्या सेवेनेही फेब्रुवारी २०२४ पासून तो लपवण्याची सोय केली, मग बाकीच्यांना काय अडचण? तक्रार कुणाकडे करायची त्यांची नावे दारातच लिहिलेली असावीत आणि त्यात बाई असावी. बोलण्याची नोंद गटाच्या ताब्यात राहावी. साध्या फोनवर, थोड्या डेटात चालावे. आणि निवड करताना स्त्रियांना विचारावे, निवडून झाल्यावर नव्हे.

आणि बोट स्वतःकडेही वळवूया. आपल्या संघटनांचे गट आपण कशावर चालवतो? पीडित बाईचा नंबर त्यात सरसकट घालतो की नाही? वस्तीची सभा तालमीत न भरवता बालवाडीत भरवायची, हे आपण अनुभवाने शिकलो. तालमीच्या दाराशीही ‘सर्वांचे स्वागत’ असते, पण बायका पायरी चढत नाहीत. सभेची जागा ठरते तिथेच सभेला कोण येणार हे ठरते. तो निर्णय ‘तांत्रिक’ म्हणून सोडून द्यायचा नाही.