गळा तिचा, श्रेय कोणाचे?

बाई गायली की लोक माना डोलावतात. पण तीच बाई संगीत रचते, ताल बांधते, ध्वनिमुद्रण कसे व्हावे तेही ठरवते, असे म्हटले की तिच्यामागे कोणीतरी पुरुष असणारच, असे गृहीत धरले जाते. आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिची कारकीर्द मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

ब्यॉर्कचा जन्म १९६५चा. १९७७ साली, शाळकरी वयात, तिचा पहिला अल्बम निघाला. पुढे ‘शुगरक्यूब्ज’ हा बँड आणि १९९३ पासून स्वतंत्र वाटचाल. २००४ सालचा ‘मेडुल्ला’ तर तिने जवळजवळ सगळा माणसांच्या आवाजांतूनच उभा केला. वाद्यांचे कामही गळ्यांनीच केले.

त्याआधीच्या ‘व्हेस्पर्टाइन’ (२००१) या अल्बमवर ती तीन वर्षे खपली. बहुतेक ताल तिने स्वतः बांधले. शेवटच्या दोन आठवड्यांत ‘मॅटमॉस’ या पुरुषांच्या जोडीने त्यावर थोडी भर घातली. छापून मात्र येत राहिले की सगळे त्यांनीच केले! त्यांच्यापैकी एकाने मुलाखतींतून खुलासे केले, तरी कोणी ऐकेना. ब्यॉर्कनेच हे २०१५ मध्ये सांगितले. कोणी काय केले याचा तक्ताच प्रसिद्ध करावा, असे तिच्या मनात येई. पण ते केविलवाणे दिसेल असे वाटे. तरुण मुलींना बळ मिळावे म्हणून ती अखेर बोलली.

मैत्रिणींनो, हे गप्प बसणे आपल्या चांगले ओळखीचे आहे. श्रेय मागावे तर बाई अहंकारी ठरते. न मागावे तर तिचे काम दुसऱ्याच्या नावावर जाते.

अभिनयातही वेगळे घडले नाही. ‘डान्सर इन द डार्क’साठी २००० साली कान महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. चित्रपटाचे संगीतही तिचेच. पण चर्चा झाली ती तिच्या ‘हट्टीपणा’ची. २०१७ मध्ये तिने लिहिले, की एका डॅनिश दिग्दर्शकाने आपला लैंगिक छळ केला आणि नकार दिल्यावर आपल्यालाच त्रासदायक ठरवले. तिने नाव घेतले नव्हते. चित्रपटाचे दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर यांनी आरोप नाकारला.

आणि हे सारे कोणत्या देशातल्या बाईच्या वाट्याला आले? २४ ऑक्टोबर १९७५ रोजी जिथल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवले, १९८० साली जिथे विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, त्या देशातल्या! संपाने आणि मतपेटीने बरेच मिळते. पण बाईच्या बुद्धीवरचा अविश्वास तेवढ्याने जात नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. गायिकेबद्दल लिहिताना ‘आवाज सुरेख’ एवढ्यावर थांबू नये. रचना कोणाची, ताल कोणी बांधले, हे विचारावे. उत्तरात बाईचे नाव आले, तर ते आधी छापावे.