टीएमसी, टँकर आणि घागर

लोहा हे नांदेड-लातूर रस्त्यावरील तालुक्याचे गाव. येथील वृत्तपत्रवाचकाला पावसाळ्यात एकाच पानावर पाण्याची चार मापे भेटतात. लिंबोटी धरणाचा साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. विष्णुपुरीच्या दरवाजांतून सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये. जायकवाडीच्या वादाची बातमी टीएमसीत. आणि उन्हाळा आला की वाडी-तांड्यावरील पाणी टँकरच्या फेऱ्यांत. घरातले माप मात्र घागर हेच. या पाच मापांचा एकमेकांशी काय संबंध, हे सांगण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. परिणाम असा, की पाण्यावर बोलणारे पुष्कळ, पण पाणी किती याचा अंदाज असणारे विरळा.

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. आकडा वाचून मनात काहीच उभे राहत नाही. १५ लिटरची घागर धरली, तर एका टीएमसीत सुमारे १८९ कोटी घागरी होतात. देशाची लोकसंख्या १४० कोटी मानल्यास प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला २० लिटर, म्हणजे लग्नकार्यात नि कार्यालयात दिसणारा एक जार. दहा हजार लिटरचे टँकर लावायचे तर २८ लाखांहून अधिक लागतील. क्रिकेटच्या ७० मीटर त्रिज्येच्या मैदानाभोवती भिंत उभारून त्यात हे पाणी ओतले, तर ते १,८०० मीटरहून उंच चढेल. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे आहे.

जगप्रसिद्ध वास्तूंशी तुलना केली तर आणखीच गंमत होते. विजापूरच्या गोलघुमटाखाली उभे राहिल्यावर माणूस स्तब्ध होतो. त्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर. तो अर्धगोल उलटा करून पाण्याने भरला, तर त्यात १४ हजार घनमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे १.४ कोटी लिटर पाणी मावेल. एका टीएमसीसाठी असे जवळपास दोन हजार घुमट हवेत. गिझाचा मोठा पिरॅमिड घ्या. तळाची बाजू २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरच्या वर. घनफळ सुमारे २६ लाख घनमीटर, म्हणजे २.६ दलघमी. साडेचार हजार वर्षे जगाने ज्याच्याकडे तोंडात बोट घालून पाहिले, ती वास्तू एका टीएमसीत अकरा वेळा बसते. लातूरची तहान ज्याच्यावर अवलंबून आहे, त्या मांजरा प्रकल्पाच्या सुमारे १७७ दलघमी उपयुक्त साठ्यात असे ६८ पिरॅमिड मावतील. जायकवाडीच्या २,१७१ दलघमीत आठशेहून अधिक. राष्ट्रकूटांनी शेजारच्या कंधारला तलाव बांधला, त्याला 'जगत्तुंग समुद्र' असे नाव पडले. मोजता न येणाऱ्या पाण्याला समुद्र म्हणून मोकळे होणे ही आपली जुनीच सवय.

डोळ्याला लांबी कळते, क्षेत्रफळ बऱ्यापैकी कळते, घनफळ मात्र हुलकावणी देते. घरातला रांजण उंचीने, रुंदीने नि खोलीने दुप्पट केला, तर पाणी दुप्पट नव्हे, आठपट मावते. हाच नियम उलटा चालवला की धरणाचे गौडबंगाल उलगडते. जलाशय हा हौदासारखा सरळ भिंतींचा नसतो. तळाशी अरुंद आणि वर पसरट असतो. नेमके नरसाळ्यासारखे भांडे धरले, तर निम्म्या उंचीपर्यंतचे पाणी एकूण क्षमतेच्या आठवा हिस्साच भरते. प्रत्यक्ष धरणे हौद आणि नरसाळे यांच्या मध्ये कोठेतरी बसतात. म्हणून 'पातळी दोन मीटरने वाढली' या बातमीला स्वतंत्र असा काही अर्थ नाही. ते दोन मीटर तळाचे की काठाजवळचे, यावर सारे अवलंबून आहे.

याहून फसवी आहे ती टक्केवारी. जायकवाडीत दहा टक्के साठा उरला, असे वाचून छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत चिंता पसरते. पण ते दहा टक्के म्हणजे २१७ दलघमी, काठोकाठ भरलेल्या मांजराच्या उपयुक्त साठ्याहून अधिक. उजनीची तऱ्हा तर आणखी निराळी. तेथील उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी आणि मृतसाठा ६३ टीएमसीहून जास्त. म्हणजे उजनी 'शून्य टक्के' होते, तेव्हाही तिच्या पोटात दहा मांजरा प्रकल्प भरतील एवढे पाणी असते. 'उणे ३० टक्के' हा बातम्यांतील शब्दप्रयोग तर गणिताच्या शिक्षकाने डोक्यावर हात मारून घ्यावा असाच. मृतसाठा म्हणजे विमोचकाच्या पातळीखालचे, कालव्यात आपोआप न वाहणारे पाणी; ते उपसता येते आणि उपसलेही जाते. जाता जाता सांगायचे, तर माणशी सरासरी ६० लिटर घनफळ धरल्यास पृथ्वीवरील ८०० कोटी माणसे सुमारे ४८० दलघमीत बसतात. जायकवाडीचा ७३८ दलघमी मृतसाठा त्यांना पुरून उरेल!

घनफळाचा अंदाज नसल्याची खरी किंमत लातूरने २०१६ मध्ये मोजली. दोन वर्षे पाऊस रुसलेला, मांजरा कोरडे. अशा स्थितीत मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याचा निर्णय झाला आणि त्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली गाडी लातूरला पोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची, सुमारे २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. देशभरच्या वाहिन्यांनी हे दृश्य दाखवले आणि पन्नास वाघिणींची ती रांग पाहून लातूरचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे पहिल्या गाडीने माणशी सव्वा लिटर पाणी आणले, तर पूर्ण लांबीच्या गाडीने साडेसहा लिटर. अर्धी घागरही नव्हे. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा निकष लावला, तर लातूरला रोज अशा वीस गाड्या लागल्या असत्या. त्या पाण्याने घसा ओला राहिला, धीर मिळाला, यात शंका नाही. पण तो धीराचाच उपाय होता, पुरवठ्याचा नव्हे, हे आकडेमोड करून तेव्हाच सांगायला हवे होते.

आता त्याच गाडीचे माप शेताला लावून पाहू. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना राज्यात २०१६ मध्येच सुरू झाली. ३० मीटर लांब, तेवढेच रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्याचे घनफळ सरळ गुणाकाराने २,७०० घनमीटर भरते. बाजूंना उतार द्यावा लागत असल्याने प्रत्यक्षात दोन हजारांच्या आसपास मावते. म्हणजे २० लाख लिटर. ज्या गाडीने देशाचे लक्ष वेधले, तिच्यातील बहुतांश पाणी लोहा तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात राहील. अर्थात, राहील हा शब्द जपून वापरायला हवा. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर बाष्पीभवन होते. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज सात-नऊ हजार लिटर, म्हणजे जवळपास एक टँकर, आकाशात जातो. भर मे महिन्यात जायकवाडीचा फुगवटा निम्म्यावर आला, तरी तेथून याच दराने रोज सुमारे १४० कोटी लिटर उडते. जलगाडीच्या साडेपाचशे फेऱ्या!

आणि ऊस? एका हेक्टर उसाला वर्षभरात दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पारंपरिक पद्धतीने पाट सोडला, तर त्याहून जास्त. म्हणजे हेक्टरी आठ ते दहा जलगाड्या. त्यातील काही वाटा पावसाचा असतो, हे खरे. तरीही लातूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचे जाळे उभे राहिले, तेव्हा हा हिशेब कोणी केला होता काय? लातूर शहराची वर्षाची गरज १३५ लिटरच्या निकषाने १९ दलघमीही होत नाही. मांजरा एकदा भरले की बाष्पीभवन नि गळती वगळता कागदोपत्री नऊ वर्षांची निश्चिंती हवी. ती नसते, कारण तेच पाणी कालव्याने, उपशाने, बॅकवॉटरच्या मोटारींनी अन्यत्र जाते. शेतीला पाणी देऊ नये, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. धरण शेतीसाठीच बांधले होते. मात्र शहराला किती दिवसांचे पाणी राखून ठेवले आहे, हे पावसाळा संपताच दिवसांच्या भाषेत जाहीर करण्यास प्रशासनाला कोणती अडचण आहे, हे कळत नाही.

विसर्गाचे मापही असेच समजून घ्यावे लागते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दोन घागरी भरायला थोड्या कमी. एक लाख क्युसेकचा प्रवाह चोवीस तास वाहिला, तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाला आणि त्यावरून आंदोलने, न्यायालयीन लढाई सुरू झाली, ते पाणी होते ८.६ टीएमसी. गोदावरीला पूर आला की नांदेडच्या पुलाखालून एवढे पाणी एका दिवसात निघून जाते. विष्णुपुरीची उपयुक्त क्षमता सुमारे ८० दलघमी. असा पूर ते आठ तासांत भरतो. मग दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुराने हैराण झालेले नांदेडकर एप्रिलमध्ये नळाची वाट पाहत बसले, तर त्यात विसंगती मुळीच नाही.

नांदेड जिल्ह्यातीलच धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधारा हे याचे टोकाचे उदाहरण. त्याची क्षमता २.७४ टीएमसी. एवढ्याशा पाण्यासाठी महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देताना बंधाऱ्यास मान्यता दिली. पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवण्याची अटही घातली. एक लाख क्युसेकचा पूर हा बंधारा पावणेआठ तासांत भरेल, मात्र पुराच्या नेमक्या दिवसांत तो अडवायची मुभा नाही. दरवाजे बंद करता येतात ते पाऊस परतल्यावर, नदी रोडावलेली असताना. त्यानंतर जे साठेल, त्यातूनही १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली पोचमपाडसाठी सोडावे लागते. ०.६ हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. लातूरच्या जलगाडीने ते पाणी वाहून न्यायचे ठरवले, तर ६,८०० फेऱ्या होतील; रोज एक या हिशेबाने साडेअठरा वर्षे.